धातूंची संयुगं कशी बनतात, कशाला लागतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुंबईतल्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांसाठी सुरू केलं. नंतर त्यांचे पालक, दागिन्यांच्या कामातले काही कारागीर आणि एक-दोन वैद्यही विचारू लागले, म्हणून प्रश्न असे सरमिसळ झालेत. सूत्रं मुद्दाम लिहिलेली नाहीत. ती प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) तुम्हाला स्वतः लिहायची आहेतच.

असेंद्रिय संश्लेषण म्हणजे काय? धातू वितळवला की झालं का?

नाही. तांब्याचा तुकडा वितळवून साच्यात ओतला तरी ते तांबंच. तोच तुकडा पातळ सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात विरघळवला, द्रावण आटवून थंड केलं की निळे खडे पडतात. तो मोरचूद. अणूंची जोडणी बदलली, नवा पदार्थ तयार झाला, म्हणजे संश्लेषण झालं.

तुरटी, मोरचूद, हिराकस (लोखंडाचं सल्फेट), सोरा, शेंदूर, हिंगूळ, नवसागर ही नावं आपल्या आजीला ठाऊक होती. यातला नवसागर (अमोनियम क्लोराइड) सोडला तर बाकी सगळ्यांत धातू आहे. त्यामुळे विषय परका वाटत असेल तर तो फक्त पुस्तकातल्या नावांमुळे.

पद्धती किती आहेत? सगळ्या पाठ कराव्या लागतात का?

पाठ करून काही होत नाही. प्रत्येक पद्धतीमागे एकच अडचण असते: एका पदार्थाचे अणू दुसऱ्याच्या अणूंपर्यंत पोचवायचे कसे?

पाण्यात विरघळणारे क्षार असतील तर प्रश्नच नाही. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, द्रावणात मोकळे फिरतात, भेटतात, आणि न विरघळणारं काही तयार झालं की साका बसतो. कॉलेजातले बहुतेक प्रयोग या जातीचे. पण ऑक्साइड पाण्यात विरघळत नाहीत. मग कोरड्या भुकट्या खलात घोटायच्या आणि भट्टीत घालायच्या. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड योग्य प्रमाणात घोटून ९००–९५० अंश सेल्सिअसला भाजले, मग ऑक्सिजनच्या झोतात सावकाश थंड केले की जो काळा पदार्थ मिळतो, त्याने १९८७ मध्ये जगभर खळबळ उडवली होती. तो ९३ केल्विनलाच (उणे १८० अंश सेल्सिअस) अतिवाहक होतो, म्हणजे विजेला अजिबात रोध करत नाही. त्यामुळे द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलं तरी काम भागतं.

मुलं विचारतात, भाजल्यावर पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं, हे कशाला? कारण घन पदार्थात अणूंची अवस्था गर्दीच्या वेळच्या लोकलमधल्या प्रवाशांसारखी असते. दारातल्यांचीच काय ती अदलाबदल होते, आतले जागच्या जागी. पुन्हा घोटलं की दाणे फुटतात आणि आतली माणसं दारात येतात.

हे घोटणं टाळायचे मार्ग आहेत. सोल-जेल पद्धतीत धातूचे अणू द्रावणातच एकमेकांशेजारी बसवून मग त्याचं जेल करतात, त्यामुळे भट्टी कमी तापवली तरी चालते. मला स्वतःला जास्त आवडते ती ज्वलन पद्धत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्जले आणि पाटील यांनी १९८८ मध्ये ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया यांचं द्रावण ५०० अंशांच्या भट्टीत ठेवलं. पाणी उडालं, मिश्रण फसफसलं, पेटलं, आणि पाचेक मिनिटांत ॲल्युमिनाचा हलका फेस तयार. एरवी ज्याला हजार अंशांच्या वरचं तापमान आणि तासन्‌तास लागतात, ते मिश्रणाच्या स्वतःच्याच आगीत झालं. युरिया म्हणजे शेतात टाकतो तोच.

उरल्या त्या हट्टी धातूंच्या पद्धती. टायटॅनियमला ऑक्सिजन इतका प्रिय की कोळशाने तो सुटत नाही, उलट कार्बाइड होऊन बसतं. म्हणून आधी त्याचं टेट्राक्लोराइड करायचं आणि मग वितळलेल्या मॅग्नेशियमने क्लोरिन काढून घ्यायचा. ही क्रोल पद्धत. निकेलची तऱ्हा वेगळी. ५०–६० अंशांना कार्बन मोनॉक्साइडबरोबर त्याचा वायू होतो आणि २०० अंशांच्या वर तापवला की शुद्ध निकेल परत मिळतं. मॉण्डने हे १८९० मध्ये दाखवलं. तो वायू भयंकर विषारी आहे, कॉलेजात त्याचं नावही काढायचं नाही. हवा आणि ओल अजिबात न चालणारी संयुगं श्लेंक लाइनवर (निर्वात आणि वायूच्या नळ्यांची जोडणी) किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेली बंद पेटी), आर्गॉन नाहीतर नायट्रोजनखाली करतात.

आपल्याकडे, मुंबईत, असलं काही नवं सापडलंय का?

हो, आणि हे आमच्या मुलांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. कुलाब्याच्या नेव्हीनगरमधल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९३-९४ च्या सुमारास इट्रियम, निकेल आणि बोरॉन विजेच्या ठिणगीच्या भट्टीत वितळवून नमुने बनवत होते. त्यात १२ केल्विनच्या आसपास अतिवाहकतेची चिन्हं दिसली. निकेल हा चुंबकीय स्वभावाचा धातू, त्याच्या संयुगात अतिवाहकता कुणाला अपेक्षित नव्हती. पुढे त्यात मुद्दाम कार्बन घातला तेव्हा परिणाम पक्का झाला आणि १९९४ मध्ये इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन ही नवी जात जगापुढे आली. त्यानंतर बोरोकार्बाइडांवर जगभर कामाची रांग लागली. चौथा घटक चिमूटभर असला तरी तोच कर्ता ठरू शकतो. तेव्हा व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ‘थोडी अशुद्धी चालते ना, मॅडम?’ असं विचारण्याआधी हे आठवा.

आणि कारखान्यांत?

चेंबूरला आरसीएफच्या (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) बाजूने जाता तेव्हा आत खताचा अमोनिया बनत असतो. नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन काढायला निकेलचा उत्प्रेरक (क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ), आणि हायड्रोजन-नायट्रोजन जोडायला लोखंडाचा. हा लोखंडाचा उत्प्रेरक म्हणजे मॅग्नेटाइट वितळवून त्यात थोडं ॲल्युमिना आणि पोटॅश मिसळतात, थंड करून फोडतात आणि मग हायड्रोजनने त्याचं क्षपण करतात, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हजारो मिश्रणं तपासून ही कृती सापडली, आणि आजही मूळ साचा तोच आहे. माहुलच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांत डिझेलमधलं गंधक काढायला ॲल्युमिनावर बसवलेले कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम लागतात.

ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात जानेवारी १९५९ मध्ये अणुभट्टीच्या दर्जाचं पहिलं युरेनियम तयार झालं. तिथली ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ ची, पण तिचं इंधन बाहेरून आलं होतं. खनिजापासून धातूपर्यंतचा प्रवास म्हणजे विरघळवणं, द्रावकाने वेगळं काढणं, साका पाडणं, भाजणं, फ्लोराइड करणं आणि शेवटी जास्त क्रियाशील धातूने क्षपण. शुद्धतेचा आकडा सोडला तर एकूण एक पायरी तुमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सापडेल.

अंबरनाथ, डोंबिवली, तळोजा, तारापूर या पट्ट्यात रंगद्रव्यं, उत्प्रेरक, औषधांचे मधले टप्पे बनतात. औषधात पॅलॅडियम वापरून दोन रेणू जोडतात, पण शेवटच्या गोळीत तो जवळजवळ उरता कामा नये. आंतरराष्ट्रीय मर्यादा तोंडाने घ्यायच्या औषधाला दिवसाला १०० मायक्रोग्रॅमची आहे.

पहिला प्रयोग कुठला करावा?

तुरटी. जुन्या ॲल्युमिनियमपासून.

एक ग्रॅम ॲल्युमिनियम बारीक कापून घ्या. कॅन असेल तर रंग आणि आतला प्लास्टिकचा थर सँडपेपरने घासून काढा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ते टाकलं की जोरात बुडबुडे येतात. हा हायड्रोजन. एका ग्रॅमपासून सव्वा लिटरहून जास्त वायू निघतो, म्हणून फ्यूम हूडमध्ये, आणि जवळपास बर्नर नको. सगळं विरघळलं की गाळून घ्या. वर काळी घाण राहते ती मिश्रधातूतल्या इतर धातूंची. गाळलेलं पाणी स्वच्छ हवं.

आता त्यात सल्फ्युरिक ॲसिड थेंबथेंब घाला, ढवळत राहा. आधी पांढरा, भातावरच्या पेजेसारखा साका येतो आणि मुलं घाबरतात. तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. अजून ॲसिड घालून गरम केलं की तो विरघळून जातो. बर्फात ठेवलं की तुरटीचे अष्टफलक स्फटिक खाली बसतात. गाळायचे, आणि पाणी-अल्कोहोलच्या थंड मिश्रणाने धुवायचे. साध्या पाण्याने धुतले तर निम्मा माल मोरीत जाईल.

हिशेब असा: ॲल्युमिनियमचा अणुभार २७, तुरटीचा रेणुभार बारा पाण्यांसकट ४७४. म्हणजे एका ग्रॅमपासून जास्तीत जास्त १७.६ ग्रॅम. हाती बारा आले तर अडुसष्ट टक्के झाले, आणि पहिल्या खेपेला ते चांगलेच आहेत. हीच तुरटी पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतात, सलूनमध्ये दाढीनंतर गालावर फिरवतात.

माझं यील्ड (हिशेबाच्या तुलनेत हाती आलेला माल) १०८ टक्के आलं. चांगलं की वाईट?

ओलं आलं. वाळवा आणि परत तोला.

या निमित्ताने एक कुरबुर करून घेते. जर्नलमध्ये सगळ्यांचंच यील्ड ९० ते ९५ च्या मध्ये असतं, आणि आदल्या वर्षीच्या जर्नलमध्येही तेच आकडे असतात. परीक्षकांना हे कळत नाही असं समजू नका. साठ टक्के लिहा, पण कुठे गेलं ते सांगा: गाळणीवर चिकटलं, द्रावणात विरघळलेलं राहिलं, की ॲसिड घाईत ओतलं? मी असल्या उत्तराला जास्त गुण देते.

जून ते सप्टेंबर स्फटिक वाळतच नाहीत. काय करायचं?

मुंबईत हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि पुस्तकं थंड, कोरड्या देशांत लिहिलेली असल्यामुळे त्यात उत्तर सापडत नाही.

पहिलं म्हणजे ‘खोलीच्या तापमानाला थंड करा’ हे वाक्य वाचून थांबू नका. तिकडची खोली वीस अंशांची, आपली तीस-बत्तीसची. दहा अंशांच्या फरकाने बराच क्षार द्रावणातच राहून जातो. बर्फाचं भांडं ठेवा. दुसरं, बुखनर फनेलवर (पंपाने ओढून गाळायच्या गाळणीवर) पंप चालू ठेवून स्फटिक थंड अल्कोहोलने धुवा आणि हवा आणखी पाच मिनिटं ओढू द्या. पंख्याखाली वॉच ग्लास ठेवून काही होत नाही, ऑगस्टमधला पंखा ओलीच हवा फिरवतो. तिसरं, डेसिकेटर, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ ठेवलेलं बंद भांडं. त्यातला कॅल्शियम क्लोराइड पाघळून खीर झाला असेल तर तो कामाचा नाही, बदला. सिलिका जेल ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं. जुनं निळं जेल ओल लागली की गुलाबी होतं, तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा. कोबाल्टच्या अपायांमुळे आता नारिंगी जेल जास्त दिसतं.

आणि मोरचूद, तुरटी, मोहर क्षार (लोखंड आणि अमोनियमचं दुहेरी सल्फेट) यांना ओव्हनमध्ये कधी घालू नका. स्फटिकातलं पाणी त्यांच्या अंगचंच आहे. मोरचूद तापवला की पांढरा पडतो, मग तुम्ही रेणुभार कुठला धरणार?

मोरचुदात अमोनिया घातला, सुंदर गडद निळा रंग आला. पण स्फटिक पडेनात.

पाणी जास्त झालं. मोरचूद अगदी थोड्या पाण्यात विरघळवा, तीव्र अमोनिया घाला. आधी फिकट साका येतो, मग तो विरघळून गडद निळं होतं. त्यावर अल्कोहोल सावकाश सोडा आणि थंड ठेवा. गरम करायचा मोह टाळा, अमोनिया उडून जातो आणि संयुग मोडतं. बाटलीचं झाकण सैल ठेवलं तरी दोन आठवड्यांत रंग फिका पडतो, त्याचंही कारण तेच.

कोबाल्टच्या प्रयोगात कोळशाची पूड कशासाठी? तो तर शेवटी गाळूनच टाकतो.

कॉलेजातल्या प्रयोगांत हा माझ्या सर्वांत आवडीचा, म्हणून जरा सविस्तर.

कोबाल्ट दोन रूपांत भेटतो: द्विसंयुजी (दोन धन भारांचा) आणि त्रिसंयुजी (तीन धन भारांचा). द्विसंयुजी कोबाल्ट चंचल, त्याच्याभोवतीचे रेणू सेकंदाच्या क्षुल्लक भागात बदलतात. त्रिसंयुजी कोबाल्ट अडेल, एकदा ज्याला धरलं त्याला तासन्‌तास सोडत नाही. म्हणून त्रिसंयुजी कोबाल्टपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. गुलाबी द्विसंयुजी कोबाल्ट क्लोराइड घ्यायचं, नवसागर आणि तीव्र अमोनियात त्याला सहा अमोनियांनी घेरू द्यायचं, आणि मग थंड असतानाच हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब घालून त्याचं ऑक्सिडीकरण करायचं. क्रम उलटा केला तर प्रयोग गेला.

एवढ्याने काम होत नाही. कोळसा नसेल तर सहा जागांपैकी एका जागेवर परकं कुणीतरी बसतं, आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड घातल्यावर पाच अमोनिया आणि एक क्लोराइड असलेलं जांभळट-लाल संयुग हाती येतं. कोळशाच्या पृष्ठभागावर ही अडेल देवाणघेवाण सोपी होते आणि सहावा अमोनियाही जागेवर बसतो. ६० अंशांना अर्धा तास ठेवा, मग ॲसिड घातलेल्या गरम पाण्यात विरघळवून कोळसा गरम असतानाच गाळा. नारिंगी स्फटिक मिळतात. लाल आले तर कोळसा कमी पडला किंवा घाई झाली.

ही संयुगं नसती तर आल्फ्रेड वेर्नरला १८९३ मध्ये आपली उपपत्ती मांडता आली नसती. त्यांच्या द्रावणांची विद्युतवाहकता मोजून त्याने सांगितलं की सहा रेणू धातूला थेट चिकटलेले असतात आणि क्लोराइड बाहेर मोकळे. १९१३ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

जे बनवलं ते तेच आहे हे कसं ओळखायचं? रंगावरून?

रंगावरून फसाल. सेंद्रिय रसायनात द्रवणांक बघतात, पण आपली बरीच संयुगं वितळण्याआधीच मोडतात.

स्वस्तातले उपाय आधी. वाहकता मोजा, किती आयन आहेत ते कळतं. चांदीच्या नायट्रेटने क्लोराइडचं अनुमापन करा, म्हणजे ते किती आहे ते मोजा. गूई तराजूवर चुंबकीय गुण बघा: नारिंगी कोबाल्ट संयुग चुंबकाकडे ओढलं जात नाही, त्यात द्विसंयुजी कोबाल्ट उरला असेल तर लगेच पकडलं जातं. ऑक्झलेट असेल तर ते परमँगनेटने मोजता येतं. याच्या पुढचं, म्हणजे अवरक्त वर्णपट आणि क्ष-किरण विवर्तन, कॉलेजात नसेल तर पवईच्या आयआयटीत मोठ्या उपकरणांची सोय बाहेरच्यांनाही शुल्क भरून मिळते. नमुना पाठवण्याआधी आपण काय शोधतोय ते लिहून ठेवा. नुसता आलेख आणून ‘मॅडम, हे काय आहे?’ असं विचारणाऱ्यांना मी परत पाठवते.

झवेरी बाजारात सोनं गाळतात ते संश्लेषणात धरायचं का?

उलट्या दिशेचं धरा. दागिन्याच्या सोन्यात तांबं-चांदी असते. त्यात आणखी चांदी घालून सोनं चौथा हिस्सा राहील असं मिश्रण करतात आणि नायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे कारागीर ज्याला तेजाब म्हणतात त्यात, उकळतात. सोनं राहतं, बाकीचं विरघळतं. दुसरा मार्ग अम्लराजाचा: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. यात सोनंच विरघळतं, चांदी पांढऱ्या क्लोराइडच्या रूपात तळाशी बसते, आणि सोन्याच्या द्रावणात हिराकस किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट घातलं की तपकिरी माती पडते. ती माती म्हणजेच शुद्ध सोनं. दुकानातला केर धुऊन सोनं काढणारे झारेकरी हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

धोका वायूंचा आहे. तांबूस धूर दिसतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, आणि तो छातीत गेल्यावर त्रास काही तासांनीही उफाळतो. भुलेश्वर-काळबादेवीच्या दाट वस्तीत बंद गाळ्यात हे करणं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाशी खेळ.

त्याच सोन्याच्या द्रावणाला दुसरं आयुष्यही आहे. ते खूप पातळ करून उकळायचं आणि सोडियम सायट्रेट घालायचं. पिवळसर पाणी आधी करडं आणि मग माणकासारखं लाल होतं, कारण सोन्याचे १५-२० नॅनोमीटरचे कण तयार होतात. टर्केविचची ही १९५१ ची कृती. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवर लाल रेघ उमटते ती बहुतेक वेळा अशा सोन्याची.

कर्करोगाच्या औषधात प्लॅटिनम असतं म्हणे. खरं का?

खरं. सिसप्लॅटिन. एका प्लॅटिनमभोवती दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड, एवढासा रेणू. इटलीच्या पेरोनेने तो १८४० च्या दशकात बनवला होता. पुढे सव्वाशे वर्षं त्याचा औषधाशी काही संबंध नव्हता. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विद्युतप्रवाहाचा परिणाम बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि लांबलचक दोऱ्यांसारखे वाढले. विजेमुळे नव्हे, तर प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांमुळे. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

बनवताना खरी कसोटी अशी की दोन अमोनिया शेजारी-शेजारी बसले पाहिजेत. समोरासमोर बसले तर ते दुसरंच संयुग, आणि त्याचा औषध म्हणून उपयोग नाही. आता यात गंमत बघा. चार क्लोराइडवाल्या प्लॅटिनमच्या क्षारात आधी आयोडाइड घालतात. आयोडाइडचा स्वभाव असा की तो आपल्या समोरच्या जागेवरची पकड ढिली करतो. पहिला अमोनिया येऊन बसतो. दुसरा अमोनिया येतो तेव्हा पहिल्या अमोनियाच्या समोरची जागा घट्ट असते, आयोडाइडच्या समोरची ढिली. तो ढिल्या जागी बसतो, म्हणजे आपोआप पहिल्याच्या शेजारी. मग चांदीच्या क्षाराने दोन्ही आयोडाइड ओढून काढायचे आणि पोटॅशियम क्लोराइडने त्या जागा भरायच्या. पिवळी पूड मिळते. ही कृती धारा यांनी १९७० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री’त दिली आणि आज जगभर तिला धारा पद्धत म्हणतात. चार अमोनियांपासून सुरू करून क्लोराइड घालत गेलात तर नेमकं उलटं, समोरासमोरचं संयुग मिळतं. प्लॅटिनम एकच, घटक तेच, फक्त सुरुवात बदलली.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तोंड-घशाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, आणि किरणोपचाराबरोबर हेच औषध दिलं जातं. ते दर आठवड्याला कमी मात्रेत द्यावं की तीन आठवड्यांनी जास्त मात्रेत, याची ३०० रुग्णांवरची चाचणी तिथेच झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. रोग आटोक्यात ठेवण्यात तीन आठवड्यांची मात्रा सरस ठरली, अपाय मात्र तिचे जास्त. घरात कुणाचे उपचार चालू असतील तर हे वाचून मात्रेवर वाद घालू नका, डॉक्टरांना विचारा.

हाडांच्या स्कॅनला देतात ते इंजेक्शन कुठे बनतं?

रुग्णालयातच, त्याच सकाळी. ही मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

टेक्निशियम-९९एम या किरणोत्सारी रूपाचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) सहा तास. कारखान्यात बनवून ट्रकने पाठवायला वेळच नाही. म्हणून त्याचा जनक मॉलिब्डेनम-९९ पाठवतात, ज्याचं अर्धआयुष्य ६६ तास. तो ॲल्युमिनाच्या नळीत धरून ठेवलेला असतो. सकाळी नळीतून सलाइन सोडलं की तयार झालेलं टेक्निशियम तेवढं धुऊन येतं, मॉलिब्डेनम मागे राहतं. पण या रूपात ते हाडांकडे जात नाही. मग कुपीत वाळवून ठेवलेली पूड कामाला येते. तिच्यात स्टॅनस क्लोराइड असतं, ते टेक्निशियमचं क्षपण करतं, आणि फॉस्फोनेट असतं, ते त्याला पकडून हाडांपर्यंत नेतं. हृदयासाठी कुपी वेगळी, तिच्यात सहा आयसोनायट्राइल धातूभोवती बसतात आणि ती दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवावी लागते. सुईने टोचायचं, हलवायचं, तपासायचं. वाशीचं ‘ब्रिट’ (विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ) अशा कुप्या देशभर पुरवतं, आणि परळचं विकिरण औषधी केंद्र १९६३ पासून हे काम करतं आहे.

भस्मं म्हणजे पण रसायनशास्त्रच ना?

बनवण्याच्या बाजूने बघितलं तर नक्कीच. पारा आणि गंधक खलात घोटत राहिलं की काळी कज्जली होते. ती काळा मर्क्युरिक सल्फाइड. काचकुपीत घालून वालुकायंत्रावर (तापवलेल्या वाळूच्या भांड्यात) तापवली की वर गळ्याशी लाल रससिंदूर जमतो, घटक तेच, स्फटिकरचना दुसरी. आज ज्याला यांत्रिक रसायन म्हणून नवं समजतात ते खलात शतकानुशतकं चालू आहे.

औषध म्हणून सुरक्षित आहे का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर परंपरेने मिळत नाही, पृथक्करणाने मिळतं. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात आढळले. घरी कुणीही भस्म करून बघू नये. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही.

विजेवरच्या बसच्या बॅटरीत यातलं काय असतं?

धन ध्रुवाची पूड. एका प्रकारात निकेल, मँगनीज आणि कोबाल्टच्या सल्फेटचं द्रावण अमोनिया आणि कॉस्टिक घालून, सामू (पीएच) अकराच्या आसपास राखत, तासन्‌तास ढवळतात. तिन्ही धातू एकत्र हायड्रॉक्साइडचे गोल दाणे होऊन खाली बसतात. मग लिथियमचा क्षार मिसळून ७००–९०० अंशांना भाजायचं. सामू जरा हलला की दाणे वेडेवाकडे, आणि बॅटरी लवकर म्हातारी. लोह-फॉस्फेटवाली स्वस्त, पण ती हवेत भाजता येत नाही, लोखंडाचं ऑक्सिडीकरण होतं.

रसायनं कुठे मिळतील? घरी प्रयोग करू का?

काचसामान आणि रसायनांसाठी प्रिन्सेस स्ट्रीट, घाऊक मालासाठी मशीद बंदरचं वडगादी. कॉलेजच्या पत्राशिवाय मात्र जाऊ नका. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ॲसिडच्या विक्रीला ओळखपत्र आणि नोंद लागते, आणि ते योग्यच आहे.

घरी तुरटी आणि मोरचुदाचे स्फटिक वाढवा, तेही स्वयंपाकाची भांडी न वापरता. बाकी काही नको. विशेषतः क्रोमेट, निकेल, कोबाल्ट, पारा आणि तीव्र ॲसिडं घरात आणू नयेत.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं तर एवढ्याशाने काय होतं?

शंभर मुलं ‘एवढंसं’ ओततात. नारिंगी डायक्रोमेट कॅनमध्ये जमा करा. आम्ही ॲसिडमध्ये हिराकस घालून ते हिरव्या त्रिसंयुजी क्रोमियममध्ये बदलतो, मग चुन्याने साका पाडतो. तो गाळ घातक कचरा म्हणून तळोज्याला जातो. चांदीचं सगळं धुणं वेगळ्या तपकिरी बाटलीत, क्लोराइड करून ती चांदी परत मिळते. प्लॅटिनम, पॅलॅडियम तर थेंबही सांडायचा नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याचे निळे कुत्रे सगळ्यांनी फोटोत पाहिले. तो रंग होता म्हणून दिसला. क्रोमियम, निकेल पाण्यात गेलं की कुत्रा पांढराच राहतो.

यात पुढे नोकरी आहे का? मुलगी विचारते आहे, आम्हाला काही कळत नाही.

आहे, पण नुसत्या बी.एस्सी.वर बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेत विश्लेषकाचं काम मिळतं, संश्लेषणाचं नाही. एम.एस्सी. असेंद्रिय करून तळोजा-अंबरनाथकडे उत्प्रेरक, रंगद्रव्यं, धातू परत मिळवणारे कारखाने बघावेत. औषध कंपन्यांना धातूचे अंश मोजणारी माणसं कायम लागतात. भाभा केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून आहे, प्रवेश कठीण, निवड झाली तर विद्यावेतन मिळतं. माटुंग्याचं आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), ज्याला जुनी माणसं अजून यूडीसीटी म्हणतात, तिथे तंत्रज्ञानाच्या बाजूने जाता येतं. संशोधन करायचं असेल तर नेट किंवा गेटची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच. आणि मुलीला ॲसिडची भीती वाटते म्हणून वनस्पतिशास्त्र घेऊ द्या असं काहीजण म्हणतात. भीती वाटणारीच मुलं गॉगल न सांगता लावतात.